टी-शर्ट, बेडूक आणि हॉबिट : बंडखोरांची फॅशन लोकानुनयी राजकारणाच्या कामी कशी येते?

सप्टेंबर २०२० मध्ये 'फ्रेड पेरी' या ब्रिटिश कपडे कंपनीनं एक विचित्र वाटावी अशी घोषणा केली. कॉलरला आणि बाह्यांना पिवळ्या दुहेरी रेघा असलेला आपला काळा पोलो टी-शर्ट अमेरिका आणि कॅनडात विकणं आपण वर्षभरापूर्वीच थांबवलंय आणि तो पुन्हा विकायचा सध्या विचार नाही, असं कंपनीनं सांगितलं. अडचण मालाची नव्हती, तो कुणाच्या अंगावर दिसतोय याची होती. 'प्राउड बॉईज' नावाच्या अमेरिकेतल्या अतिउजव्या संघटनेनं त्या टी-शर्टचा गणवेश करून टाकला होता.

त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, ६ जानेवारी २०२१ रोजी, अमेरिकेच्या संसदेवर जमावानं हल्ला केला. त्यात 'प्राउड बॉईज'चे लोक पुढे होते. त्या दिवशी मात्र ओळख लपवण्यासाठी त्यांनी नेहमीचे काळे-पिवळे कपडे मुद्दाम टाळले होते. टी-शर्ट ही त्यांची इतकी पक्की ओळख झाली होती.

ज्याच्या नावानं हा टी-शर्ट विकला जातो, तो फ्रेड पेरी विम्बल्डन सलग तीन वर्षं (१९३४, १९३५, १९३६) जिंकणारा टेनिसपटू. त्याचे वडील कामगार चळवळीतून आलेले खासदार. १९५२ मध्ये बाजारात आलेला हा टी-शर्ट साठच्या दशकात लंडनच्या 'मॉड' पोरांनी उचलला, मग 'स्किनहेड'नी, मग पंकवाल्यांनी, आणि शेवटी ट्रम्प समर्थकांच्या एका लढाऊ टोळीनं. कापड तेच राहिलं, रेघाही त्याच. मग आत शिरलेलं राजकारण इतकं कसं बदललं?

आधी 'पॉप्युलिझम'चा अर्थ

आपल्याकडे 'लोकानुनय' म्हटलं की वीजबिल माफी किंवा निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या वस्तू आठवतात. राज्यशास्त्रात 'पॉप्युलिझम' हा शब्द जरा वेगळ्या अर्थानं येतो. डच अभ्यासक कास मुड यांची मांडणी आज सगळ्यात जास्त वापरली जाते. त्यांच्या मते, हे राजकारण समाजाचे सरळ दोन तुकडे करतं. एकीकडे साधी, सच्ची जनता आणि दुसरीकडे तिला फसवणारे वरचे लोक. नेता सांगतो की, या जनतेचा खरा आवाज मीच. मुड या विचारसरणीला 'पातळ' म्हणतात, कारण तिच्यात स्वतःचं असं फार काही नसतं. ती डाव्यांना चिकटू शकते, तशी उजव्यांनाही.

आता कुठलीही बंडखोर उपसंस्कृती बघा. विशिष्ट कपडे, विशिष्ट संगीत, आतल्यांनाच कळणारे विनोद आणि 'आम्ही वेगळे, बाकी सगळी मेंढरं' ही भावना. इथेही दोनच गट आहेत. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचं तर फॉर्मॅट तोच आहे, फक्त आतली फाइल बदलायची. म्हणून राजकारणाला इथे घुसायला फार कष्ट पडत नाहीत.

हे सगळं हवेत वाटू नये म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जाऊ.

बारीक केसांची पोरं आणि जमैकाचं संगीत

'स्किनहेड' म्हटलं की आज डोळ्यांसमोर गुळगुळीत डोक्याचा, हातावर स्वस्तिक गोंदवलेला नाझी येतो. पण १९६८-६९ च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये पहिले स्किनहेड दिसले, तेव्हा ते ज्या संगीतावर नाचत होते ते काळ्या लोकांचं होतं. जमैकाहून आलेली कुटुंबं शेजारी राहत होती. त्यांच्या पोरांकडून, म्हणजे 'रूड बॉईज'कडून, गोऱ्या कामगार पोरांनी स्का आणि रेगे घेतलं, चालण्याबोलण्याची ऐट घेतली. १९६९ मध्ये डेस्मंड डेकर या जमैकन गायकाचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात या पोरांचा मोठा वाटा होता.

कपडे बघितले तर ते कारखान्याचेच होते. जाड तळव्याचे 'डॉक्टर मार्टेन्स' बूट १९६० मध्ये कामगारांसाठी बाजारात आले होते. त्यावर वर दुमडलेली जीन्स, पँटला गॅलिस, बारीक कापलेले केस. हिप्पी केस वाढवत होते, तर यांनी ते कापले. हिप्पी बहुतेक मध्यमवर्गीय घरांतले, विद्यापीठांत शिकणारे. त्यांचं बंड या पोरांना श्रीमंतांचे चोचले वाटायचं.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रानं सत्तरच्या दशकात या पोरांचा अभ्यास केला. जॉन क्लार्क यांनी मांडलेला मुद्दा मला अजूनही सगळ्यात पटणारा वाटतो. ईस्ट एंडमधलं कामगारांचं जग तेव्हा मोडत होतं. ईस्ट इंडिया डॉक १९६७ मध्ये बंद झाला, सेंट कॅथरीन डॉक १९६८ मध्ये. जुन्या चाळवजा वस्त्या पाडून टॉवर उभे राहत होते. बापाला गोदीत काम मिळालं होतं, पोराला मिळण्याची खात्री नव्हती. अशा वेळी पोरांनी बापाच्या कामाचे बूट घातले आणि गल्लीची टोळी केली. हरवलेला मोहल्ला त्यांनी कपड्यांत परत उभा केला.

गिरणगाव बघितलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगायला नको.

पण मोहल्ला म्हटला की 'आपला' कोण आणि 'बाहेरचा' कोण, हा प्रश्न येतोच. पहिल्या लाटेतल्या या पोरांना जमैकाचं संगीत चालत होतं, पण त्याच काळात दक्षिण आशियाई लोकांना गाठून मारहाण करण्याचे प्रकारही सुरू होते. त्याला 'पाकी-बॅशिंग' असं नावच पडलं होतं. मार खाणारा पाकिस्तानी आहे की गुजराती की बंगाली, हे कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे 'सुरुवातीचे स्किनहेड अगदी निष्पाप होते, नंतर कुणीतरी त्यांना बिघडवलं' ही गोष्ट सांगायला सोपी असली तरी पूर्ण खरी नाही.

नॅशनल फ्रंटनं काय केलं?

१९६७ मध्ये स्थापन झालेला 'नॅशनल फ्रंट' हा स्थलांतरितविरोधी, वर्णद्वेषी पक्ष. त्याचे नेते सूटबूट घालणारे, वय झालेले. तरुण पोरांना त्यांचं भाषण कशाला ऐकावंसं वाटेल? मग पक्षानं मोर्चा वळवला तो फुटबॉल मैदानांच्या दाराकडे आणि पंक संगीताच्या कार्यक्रमांकडे. १९७७ मध्ये पक्षाची युवा शाखा निघाली आणि 'बुलडॉग' नावाचं पत्रक सुरू झालं. त्याचा संपादक जोसेफ पीअर्स हा किशोरवयीन मुलगा होता. पत्रकात जाहीरनाम्यापेक्षा फुटबॉल आणि संगीत जास्त. कुठल्या क्लबचे चाहते जास्त वर्णद्वेषी, याची चढाओढही त्यात रंगायची. (हे नाव लक्षात ठेवा. पीअर्सकडे आपण पुन्हा येणार आहोत.)

तोवर पंकच्या निमित्तानं स्किनहेड फॅशन दुसऱ्यांदा आली होती. पंकवाल्यांनी नाझी स्वस्तिक छातीवर लावायला सुरुवात केली ती मोठ्यांना धक्का द्यायला. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी काढणाऱ्या आईबापांची खोड काढायची, एवढाच बहुतेकांचा हेतू. डिक हेबडिज यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात म्हटलं की, पंकनं त्या चिन्हातला अर्थच काढून टाकला होता. अभ्यासक म्हणून ते बरोबर असतील. पण रस्त्यावर अर्थ इतक्या सहजासहजी निघत नाही. एकजण गंमत म्हणून चिन्ह लावतो, दुसऱ्याला ते खरंच आवडतं, आणि लांबून दोघं सारखेच दिसतात. त्या दुसऱ्यासाठी पहिला ही फुकटची आड झाली.

'स्क्रूड्रायव्हर' हा बँड १९७६ मध्ये साधा पंक बँड म्हणून निघाला. काही वर्षांत त्याच नावानं उघड गौरवर्णीय वर्चस्वाची गाणी येऊ लागली. 'शॅम ६९' या बँडचा गायक जिमी पर्सी वर्णद्वेषाच्या विरोधात बोलत राहिला, तरी फ्रंटच्या पोरांनी त्याच्या कार्यक्रमांत घुसून राडे केले. आपला श्रोता कोण असावा हे कलाकार ठरवू शकत नाही.

३ जुलै १९८१ रोजी पश्चिम लंडनमधल्या साउथॉल या पंजाबीबहुल भागात स्किनहेडप्रिय बँडचा कार्यक्रम ठेवला गेला. बाहेरून बस भरून पोरं आली, रस्त्यात आशियाई दुकानांच्या काचा फुटल्या. संध्याकाळी साउथॉलची पोरं रस्त्यावर उतरली आणि ज्या पबमध्ये कार्यक्रम होता तो 'हॅम्ब्रो टॅव्हर्न' जळून खाक झाला. तिथल्या भारतीय कुटुंबांच्या आठवणीत ती रात्र आजही आहे.

मतं किती मिळाली?

इथे आकडे बघायला हवेत. १९७७ च्या लंडन महानगर निवडणुकीत नॅशनल फ्रंटला सुमारे १ लाख १९ हजार मतं मिळाली आणि सगळे दचकले. पण १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ३०३ उमेदवार उभे करून पक्षाला जेमतेम ०.६ टक्के मतं पडली. एकही जागा नाही.

म्हणजे फॅशनचा प्रयोग फसला? मतपेटीत, हो. पण जानेवारी १९७८ मध्ये विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हटलं की, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांच्या लोंढ्यात आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटतेय. पुढच्याच वर्षी त्या पंतप्रधान झाल्या. फ्रंटची मतं कोसळण्याचं एक कारण हेही सांगितलं जातं की, त्याचा सूर मोठ्या पक्षानं सौम्य करून उचलला. उपसंस्कृती मैदानाबाहेर जी भावना बोलून दाखवते, ती मुख्य प्रवाहात पोहोचताना कपडे बदलून पोहोचते.

दुसऱ्या बाजूनंही फॅशनच वापरली गेली, हे सांगायला हवं. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टननं बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरोधात गरळ ओकली. त्यावर चिडलेल्या काहींनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिलं आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा ईस्ट एंडच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला, तेव्हा 'द क्लॅश' आणि 'स्टील पल्स' ऐकायला सुमारे ८० हजार लोक होते. वर्षभरानं कॉव्हेंट्रीत 'टू टोन' ही संगीत कंपनी निघाली. एकाच बँडमध्ये काळे-गोरे वादक, कपड्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि पुन्हा तेच जमैकन स्का. न्यूयॉर्कमध्ये १९८७ मध्ये वर्णद्वेषविरोधी स्किनहेडांची 'शार्प' ही संघटनाही निघाली. बूट तेच, गॅलिस त्याच आणि टी-शर्टही तोच.

हिप्स्टरचा गॉडफादर

अमेरिकेतल्या 'प्राउड बॉईज'कडे परत येऊ. २०१६ मध्ये ही संघटना काढणारा गॅव्हिन मॅकिनेस हा कुणी गावाकडचा नाराज शेतकरी नव्हता. तरुणपणी तो कॅनडात पंक बँडमध्ये होता. १९९४ मध्ये माँट्रियलमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'व्हाइस' नावानं जगभर गाजलेल्या मासिकाच्या तीन संस्थापकांपैकी तो एक. बाकीच्या दोघांतले सुरूश अल्वी पाकिस्तानी वंशाचे आहेत. रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांची खिल्ली उडवणारं मॅकिनेसचं सदर तुफान चालायचं. दाढी, चेक्सचा शर्ट, जाड फ्रेमचा चष्मा हा जो 'हिप्स्टर' अवतार पुढे आपल्या बांद्रा आणि कोरेगाव पार्कच्या कॅफेंतही दिसू लागला, त्याचा त्याला गॉडफादर म्हटलं जायचं. २००८ मध्ये तो 'व्हाइस'मधून बाहेर पडला.

या माणसाला टी-शर्टचा इतिहास माहीत नसेल, असं मला वाटत नाही. कपडा टोळी कशी बनवतो, हे त्याचं कामाचं ज्ञान होतं. संघटनेचं नाव त्यानं 'अलादीन' या संगीत नाटकातल्या एका गाण्यावरून घेतलं. भरती होताना नव्या सदस्यानं पाच ब्रेकफास्ट सिरीयल्सची नावं सांगायची आणि ती पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी त्याला बुक्के मारायचे, असा विधी. ऐकून हसू येतं ना? तेच हवं होतं. गंभीरपणे घेणाराच मूर्ख ठरावा, अशी रचना. टीका झाली की 'अहो, हा तर पुरुषांचा बिअर क्लब आहे' असं म्हणायला मोकळे. आणि दुसरीकडे रस्त्यावरच्या मारामाऱ्या खऱ्या.

२९ सप्टेंबर २०२० च्या अध्यक्षीय वादचर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांना या संघटनेचा निषेध करायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी तिला मागे थांबून सज्ज राहायला सांगितलं. मॅकिनेस २०१८ मध्येच बाजूला झाला होता. त्याच्यानंतरचा प्रमुख एन्रिके टारिओ याला संसदेवरच्या हल्ल्याच्या कटाबद्दल २०२३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली, आणि २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्ष होताच ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. क्युबन वंशाचा, सावळा टारिओ अशा संघटनेचा प्रमुख कसा, हा प्रश्न अनेकांना पडतो. जात-वंशापेक्षा टोळीची ओळख वर ठेवली की हे जमतं.

बेडकाची गोष्ट

२०१६ मध्ये मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या ग्रुपवर सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास एक रडका हिरवा बेडूक यायचा. त्याचं नाव पेपे आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. त्याच महिन्यांत तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काय करत होता, हे तर अजिबातच नाही.

चित्रकार मॅट फ्युरी यांनी २००५ च्या सुमारास आपल्या कॉमिकमध्ये हा निरुपद्रवी, आळशी बेडूक काढला. '४चॅन' या निनावी संकेतस्थळावरच्या पोरांनी तो उचलला. तो इतका पसरला की पॉप गायिकाही त्याची चित्रं टाकू लागल्या. आतल्या गोटातली गोष्ट सगळ्यांची झाली की आतले चिडतात. म्हणून मग त्याला मुद्दाम घाणेरडं करायची टूम निघाली. नाझी गणवेशातला पेपे, ज्यूद्वेषी पेपे. 'बाहेरच्यांनी' हात लावू नये म्हणून. यातलं किती गमतीनं आणि किती मनापासून, हे कुणालाच सांगता येईना. पंकच्या स्वस्तिकासारखंच.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी स्वतःच्या केशरचनेतला पेपे शेअर केला. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प समर्थकांतल्या निम्म्यांना 'डिप्लोरेबल्स', म्हणजे निंदनीय लोक म्हटलं आणि हा शब्द दुसऱ्या दिवसापासून टी-शर्टवर झळकू लागला. ट्रम्प यांच्या मुलानं टाकलेल्या पोस्टरमध्ये नेत्यांच्या रांगेत पेपेही उभा होता. क्लिंटन यांच्या प्रचार यंत्रणेनं तर हा बेडूक कसा धोकादायक आहे हे समजावणारं पानच प्रसिद्ध केलं. एका अध्यक्षीय उमेदवाराला आपल्या कार्टूनवर खुलासा द्यावा लागला, याहून मोठा विजय ४चॅनवरच्या पोरांना कुठला हवा होता!

ही ताकद आधी ओळखणाऱ्यांत स्टीव्ह बॅनन होते. ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचाराची सूत्रं पुढे त्यांच्याकडे आली. त्याआधी ते हाँगकाँगच्या एका कंपनीशी जोडले गेले होते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममधलं आभासी सोनं खऱ्या पैशांना विकायचा तिचा धंदा. गेमर पोरांनी संतापून ऑनलाइन मोहीम चालवली आणि तो धंदा गोत्यात आला. बॅनन यांनी त्यातून घेतलेला धडा असा की, एकटी, चिडलेली, तासन्‌तास ऑनलाइन असणारी ही मुलं राजकारणात आणली तर काय होईल!

फ्युरी यांनी २०१७ मध्ये वैतागून कॉमिकमध्ये पेपेला मारून टाकलं. तो मेला नाही. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लोकशाहीवादी आंदोलकांनी त्याला आपलं चिन्ह केलं. त्यांना त्याचा अमेरिकी इतिहास नको होता, चेहरा आवडला होता.

जिथे हे सत्तेपर्यंत पोहोचलं

नॅशनल फ्रंटला जे जमलं नाही ते इटलीत जमलं. त्याला ४५ वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुसोलिनीच्या अनुयायांनी १९४६ मध्ये 'एमएसआय' हा पक्ष काढला. सत्तरच्या दशकात विद्यापीठं, सिनेमा, संगीत यांवर डाव्यांचा पगडा होता. पक्षाच्या तरुणांना वाटायचं, आपल्याला कुणी जवळ करत नाही. डाव्यांच्या मोर्चांत घोषणा असायची की फॅसिस्टांनो, गटारात परत जा. त्यावर मार्को तार्की या तरुण कार्यकर्त्यानं १९७४ मध्ये मासिक काढलं आणि नाव ठेवलं 'गटाराचा आवाज'. त्यावर उंदराचं व्यंगचित्र. शिवीच छातीवर लावायची ही युक्ती 'डिप्लोरेबल्स' टी-शर्टच्या ४२ वर्षं आधीची.

जे. आर. आर. टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' इटालियनमध्ये संपूर्ण आलं ते १९७० मध्ये. साठच्या दशकात अमेरिकेतले हिप्पी याच पुस्तकावर फिदा होते. हिरवीगार शेती, यंत्रांचा तिटकारा, छोट्या माणसाचं शौर्य. इटलीतल्या उजव्या पोरांना त्यात परंपरा, वंश, शपथ आणि आधुनिकतेविरुद्धचं युद्ध दिसलं. जून १९७७ मध्ये दक्षिणेतल्या माँतेसार्कियो गावात त्यांनी 'कॅम्प हॉबिट' भरवला. तंबू, गिटार, लोकसंगीत, चर्चा. लांबून बघणाऱ्याला डाव्यांचा युवा महोत्सवच वाटावा, फक्त झेंड्यांवर केल्टिक क्रॉस. 'अंगठीचे सोबती' अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा बँडही होता. काळे शर्ट आणि सलाम यांऐवजी आता हॉबिट. म्हातारे नेते नाक मुरडत होते, पण पोरांना पहिल्यांदाच वाटलं की आपणही मस्त दिसू शकतो.

खुद्द टॉल्किन यांना हे पटलं असतं, असं वाटत नाही. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकानं त्यांना आर्य वंशाबद्दल विचारणा केली, तेव्हा त्यांनी लिहिलेलं खरमरीत उत्तर प्रसिद्ध आहे.

त्या कॅम्पच्या वर्षीच रोममध्ये जन्मलेली एक मुलगी १९९२ मध्ये, १५ व्या वर्षी, पक्षाच्या युवा शाखेत गेली. ती आणि तिचे सोबती हॉबिटांचे वेश करून शाळांमध्ये जायचे. १९९८ मध्ये तिनं पक्षाच्या तरुणांसाठी वार्षिक मेळावा सुरू केला, त्याला नाव दिलं 'आत्रेयू', 'नेव्हरएंडिंग स्टोरी' या कल्पनारम्य कादंबरीच्या छोट्या नायकाचं. ती मुलगी म्हणजे जॉर्जिया मेलोनी. त्यांच्या पक्षाला २०१८ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०२२ मध्ये ती २६ टक्के झाली. प्रचाराच्या सांगता सभेत त्यांना मंचावर बोलावलं ते इटालियन चित्रपटात अ‍ॅरागॉर्नला आवाज देणाऱ्या नटानं. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी त्या पंतप्रधान झाल्या. वर्षभरानं रोमच्या राष्ट्रीय कलादालनात टॉल्किन यांच्यावर सरकारी प्रदर्शन भरलं, त्याला त्या हजर होत्या.

मेलोनी जिंकल्या त्या हॉबिटमुळे, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. महागाई, स्थलांतर, फुटलेले विरोधक, विरोधी बाकांवर एकट्याच बसून राहण्याची चाल ही खरी कारणं. पण पक्षावर बहिष्कार होता त्या चार दशकांत माणसं टिकवून ठेवण्याचं काम जाहीरनाम्यानं केलं नाही. ते गाणी, तंबू आणि एका काल्पनिक जगातल्या नावांनी केलं. शिवाय, 'मुसोलिनीबद्दल काय वाटतं?' या प्रश्नापेक्षा 'आवडतं पुस्तक कोणतं?' या प्रश्नाचं उत्तर मतदारापुढे द्यायला सोपं असतं.

आणि 'गटाराचा आवाज'वाले मार्को तार्की? ते फ्लॉरेन्समध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा अभ्यासाचा विषय आहे पॉप्युलिझम. 'बुलडॉग'चा जोसेफ पीअर्स तुरुंगात जाऊन आला, वर्णद्वेष जाहीरपणे सोडला, कॅथलिक झाला आणि १९९८ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं ते टॉल्किन यांच्यावरच.

आपल्या दारात

१ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' नावाचं अ‍ॅप समोर आलं. मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडलेला. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं काही दिवसांत बेंगळुरूतून २१ वर्षांच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला आणि उत्तराखंडातून १८ वर्षांच्या मुलीला पकडलं. अ‍ॅप बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी आसाममधून अटक केली, तोही बीटेकचाच विद्यार्थी.

त्या वेळच्या बातम्यांत 'ट्रॅड' हा शब्द पहिल्यांदा आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आला. निनावी खाती चालवणारी, स्वतःला कट्टर परंपरावादी म्हणवणारी ही मुलं. सत्ताधारी पक्षही त्यांना मिळमिळीत वाटायचा आणि त्याच्या समर्थकांची ते 'रायता' म्हणून टर उडवायचे. त्यांची मीमची भाषा थेट ४चॅनवरून आलेली होती. पेपे बेडूक होताच, फक्त टिळा लावलेला.

अटक झालेली मुलं माझ्या ज्युनिअरच्या वयाची होती. त्या आठवड्यात आमच्या जुन्या हॉस्टेल ग्रुपवर कुणीतरी ती बातमी टाकली. खाली पहिली प्रतिक्रिया आली ती त्याच रडक्या बेडकाची. टाकणाऱ्याला त्यातून दुःख म्हणायचं होतं की गंमत, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.